आधी एक डिस्क काढून बघा: घरच्या संगणकात मिरर लावण्याची सविस्तर पद्धत

आमच्या आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. पोर्टेबल हार्ड डिस्कवर, एकच प्रत. एका सकाळी डिस्क जोडली तर आतून टक्-टक् आवाज यायला लागला आणि संगणकाला ती दिसेनाशी झाली. डेटा काढून देणाऱ्यांनी पुष्कळ खटपट केली, तेव्हा साठेक ओव्यांपैकी अकरा हाती आल्या. आत्या त्याआधीच गेली होती. तेव्हापासून आमच्या घरात जपण्यासारखी कुठलीही गोष्ट एकाच डिस्कवर राहत नाही.

हा लेख तुमच्या टेबलाखाली डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज 10 किंवा 11 आहे आणि कॅबिनेटमध्ये दोन हार्ड डिस्क बसायला जागा आहे, असं धरून लिहिला आहे. उदाहरणाला 4 टीबीच्या दोन डिस्क घेतल्या आहेत. मिरर, म्हणजे एकाच डेटाच्या दोन डिस्कवरच्या जुळ्या प्रती, तयार करायला पाच मिनिटं लागतात. पण बटण दाबलं म्हणजे मिरर झाला असं मी मानत नाही. एक डिस्क मुद्दाम काढून ठेवली, तरी डेटा उघडला, डिस्क परत लावल्यावर दोन्ही पुन्हा जुळल्या, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच तो झाला. त्यामुळे लेखाचा मोठा भाग त्या तालमीवर आहे.

मिरर काय करतो

मिररमध्ये तुम्ही साठवलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी दोन डिस्कवर लिहिली जाते. तुम्हाला मात्र एकच ड्राइव्ह दिसतो. एक डिस्क मेली तर दुसरीवर सगळं जसंच्या तसं असतं आणि काम चालू राहतं. यालाच रेड-1 म्हणतात; रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी 1988 साली एक निबंध लिहून रेडच्या वेगवेगळ्या पातळ्या मांडल्या, त्यातली ही पहिली. डिस्कची जोडी ठेवण्याची रीत मोठ्या संगणकांवर त्याआधीही होती. त्यांनी तिला क्रमांक दिला.

याची किंमत सरळ आहे: दोन डिस्कचे पैसे आणि एका डिस्कची जागा.

आता जे मिरर करत नाही ते. चुकून फोल्डर डिलीट केलात तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर दोन्ही प्रती एकदमच कुलूपबंद होतात. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर हेच केलं, आणि ज्यांचा बॅकअप संगणकापासून वेगळा काढून ठेवलेला होता तेच त्यातून बिनघोर सुटले. चोर कॅबिनेट उचलून नेतो तेव्हा दोन्ही डिस्क नेतो. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बिघडून जास्त व्होल्टेज सोडू लागला तर दोन्ही एकाच तडाख्यात जाऊ शकतात. म्हणून मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. तिसरी डिस्क लागतेच, आणि ती संगणकाला कायम जोडलेली नसावी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम घरालाही लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

मग मिरर कशाला? बॅकअप हा नेहमी गेल्या वेळेपर्यंतचा असतो. रविवारी बॅकअप घेतला आणि शुक्रवारी डिस्क गेली, तर मधले पाच दिवस गेले. लग्नाचं चित्रीकरण गुरुवारी उतरवून घेतलं असेल तर तेच गेलं. ही मधली फट मिरर बुजवतो.

डिस्क निवडताना

इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत कच्च्या पायावर उभी राहते.

पहिली गोष्ट सीएमआर आणि एसएमआर. हार्ड डिस्कच्या तबकडीवर डेटाचे गोल पट्टे असतात. सीएमआरमध्ये ते शेजारी शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीत जास्त डेटा मावतो, पण एक पट्टा बदलायचा तर त्याच्या शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे फारसं कळत नाही. मिररमधली एक डिस्क बदलून सगळा डेटा नव्या डिस्कवर ओतायची वेळ येते तेव्हा मात्र एसएमआर डिस्क गुदमरते, आणि नेमक्या त्याच काळात तुमच्याकडे एकच धड प्रत असते. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (इंग्रजीतला 'लाल', वरच्या रेडशी संबंध नाही) मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं तेव्हा वापरणाऱ्यांत मोठी नाराजी पसरली. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी रेड प्लस हे वेगळं नाव आणलं. आज घरच्या मिररसाठी वेस्टर्न डिजिटल रेड प्लस, सीगेट आयर्नवुल्फ किंवा तोशिबा एन300 यांपैकी काहीही चालेल. तिन्ही सीएमआर आहेत. साधी डेस्कटॉप डिस्क घेणार असाल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या अचूक मॉडेल नंबरचा तक्ता उघडून सीएमआर हा शब्द दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदाराला हा फरक माहीत असेलच असं नाही.

या डिस्कचा आणखी एक गुण आहे. खराब जागा वाचता आली नाही तर साधी डिस्क बराच वेळ त्याच जागेशी झगडत बसते, तोपर्यंत संगणक ताटकळतो. जोडीत चालण्यासाठी बनवलेली डिस्क काही सेकंदांत हात टेकते आणि "मला वाचता येत नाही" असं सांगून मोकळी होते. तोच भाग लगेच दुसरीवरून वाचला जातो.

दुसरी गोष्ट: दोन्ही डिस्क एकाच खोक्यातून घेऊ नका. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर बनलेल्या जुळ्या डिस्कमध्ये दोष असला तर तो दोघींत असण्याची शक्यता मोठी, आणि त्या सारखाच भार सोसत साधारण एकाच सुमाराला थकतात. एक डिस्क मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घ्या आणि दुसरी ऑनलाइन, किंवा एक या कंपनीची आणि दुसरी त्या. क्षमता सारखी असली की पुरे.

तिसरी गोष्ट वॉरंटी. आयर्नवुल्फ आणि रेड प्लस दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी असते, पण बाहेरून आणून विकलेल्या डिस्कला ती भारतात मिळेलच असं नाही. बिल फाडण्याआधी डिस्कवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून डिस्क किती तास चालली आहे ते पाहा. नव्या डिस्कवर हा आकडा शून्य किंवा त्याच्या आसपास हवा. अर्थात हा आकडा पुसताही येतो. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, त्यांचे तास असेच शून्यावर आणलेले होते. खरे तास डिस्कमधल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत सापडले. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाच्या नव्या आवृत्त्या ती नोंद वाचून दाखवतात. खोक्यावरचं सील, डिस्कच्या कडांवरचे ओरखडे आणि स्क्रूच्या भोकांतले आटे हेही नीट बघा. आट्यात स्क्रू बसवल्याची खूण असेल तर डिस्क परत करा.

मार्ग कोणता

बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये, रेडची सोय असते. ती मोहात पाडते, पण घरच्या वापरासाठी मी ती सुचवत नाही. पाच वर्षांनी मदरबोर्ड जळाला तर तशाच जातीचा बोर्ड शोधत फिरावं लागू शकतं. शिवाय आधीच चालू असलेल्या संगणकात साटाची (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची) पद्धत एएचसीआय या नेहमीच्या सेटिंगवरून रेडवर नेली की विंडोज बहुधा सुरूच होत नाही.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मिरर्ड व्हॉल्यूमचा जुना पर्याय आहे. त्यासाठी डिस्क डायनॅमिक कराव्या लागतात, होम आवृत्तीत तो मिळत नाही, आणि डायनॅमिक डिस्क मायक्रोसॉफ्टने स्वतःच मोडीत काढायला घेतल्या आहेत.

राहतो स्टोरेज स्पेसेस. विंडोज 8 पासून तो विंडोजमध्येच आहे, होम आवृत्तीतही चालतो, आणि मदरबोर्डशी त्याचं देणंघेणं नाही. डिस्कची जोडी उचलून दुसऱ्या विंडोज संगणकात लावली की तिथे ती ओळखली जाते. लिनक्स किंवा मॅकवर मात्र ती सरळ उघडत नाही, हे माहीत असू द्या. हाच मार्ग आपण घेणार आहोत.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एमडीएडीएम वर्षानुवर्षं टिकलेलं साधन आहे. डेबियनवर ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही प्रती आपोआप ताडून पाहतं. झेडएफएस (फायली साठवण्याची एक वेगळी व्यवस्था) त्याच्याही पुढे जातं. साध्या मिररमध्ये दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे संगणकाला सांगता येत नाही. झेडएफएस प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणीची बेरीज ठेवतं, त्यामुळे ते खोटी प्रत ओळखतं आणि खऱ्या प्रतीवरून ती सुधारतं. जुना संगणक रिकामा पडला असेल आणि शिकायची तयारी असेल तर झेडएफएस शिका, मी मनापासून सांगतो. मॅकवर डिस्क युटिलिटीत रेड असिस्टंट आहे, तिथे मिररचा पर्याय निवडायचा.

दोन यूएसबी डिस्कवरही स्टोरेज स्पेसेस चालतो, पण यूएसबीची केबल हलली की मिरर मोडला. काही दुहेरी डॉक दोन्ही डिस्कची एकच ओळख संगणकाला सांगतात, मग पूलमध्ये, म्हणजे डिस्कच्या एकत्र केलेल्या साठ्यात, एकच डिस्क दिसते. शक्य असेल तर डिस्क कॅबिनेटच्या आतच बसवा.

बसवणी

आधी कागद-पेन घ्या. दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर, खरेदीची तारीख आणि दुकान लिहून ठेवा. मग पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात "अ" आणि "ब" लिहा, सोबत सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे, आणि ती पट्टी डिस्कच्या अशा कडेला लावा जी कॅबिनेट उघडल्यावर समोर दिसेल. झाकणाच्या आतल्या बाजूला हाच तपशील लिहिलेला कागद चिकटवा. मिरर असूनही लोकांचा डेटा जातो त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मेलेली डिस्क समजून जिवंत डिस्क काढणं, तीच पुसणं. दोन डिस्क दिसायला हुबेहूब सारख्या असतात. दोन रुपयांची चिकटपट्टी इथे कामाला येते.

संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. दोन डिस्कमध्ये जमलं तर एक खण मोकळा सोडा, म्हणजे मधून हवा खेळते. चारही स्क्रू लावा, दोनावर भागवू नका. डिस्क थरथरली की वाचन-लेखनात चुका वाढतात. प्रत्येक डिस्कला एक साटा केबल मदरबोर्डकडून आणि एक पॉवरची जोडणी एसएमपीएसकडून. साटा पॉवरच्या तारा पुरत नसतील तर जाडजूड साच्यात ओतलेले स्वस्त मोलेक्स-साटा जोड (जुन्या पद्धतीच्या पॉवर तारेला साटा डिस्क लावणारे) घेऊ नका. त्यातल्या तारा आत एकमेकींना टेकून जोड जळल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला जोड मागा.

संगणक सुरू करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. नवीन डिस्क तयार करायची का असं विंडोज विचारेल, तिथे डिस्कचे भाग नोंदवण्याच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडा. दुसरी, जुनी एमबीआर 2 टीबीच्या पुढची जागा ओळखत नाही.

आता धीर धरायचा टप्पा. दोन्ही डिस्क आधी वेगवेगळ्या फॉरमॅट करा, आणि क्विक फॉरमॅटवरची खूण काढून टाका. पूर्ण फॉरमॅट डिस्कच्या कानाकोपऱ्यापर्यंत लिहून बघतो. सरासरी वेग सेकंदाला 150 एमबी धरला तर 4 टीबीला साडेसात तास लागतात. रात्री लावून झोपा. सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तीन ओळी बघा: 05 म्हणजे बदलून घेतलेल्या खराब जागा, सी5 म्हणजे संशयास्पद जागा, सी6 म्हणजे दुरुस्त न झालेल्या जागा. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत. एक जरी आकडा चढलेला असेल तर डिस्क बदलून मागा. परत करण्याची मुदत असतानाच हे कळलेलं बरं.

पूल तयार करणं

कंट्रोल पॅनेल, त्यात सिस्टम अँड सिक्युरिटी, त्यात स्टोरेज स्पेसेस. नाहीतर स्टार्टमध्ये नाव टाइप करा. "क्रिएट अ न्यू पूल अँड स्टोरेज स्पेस" वर क्लिक करा. समोर डिस्कची यादी येईल. इथे एक क्षण थांबा: निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार आहे. जोडलेली पेन ड्राइव्ह, जुनी पोर्टेबल डिस्क आधीच काढून ठेवली असेल तर यादीत दोनच डिस्क दिसतील आणि चुकायला वावच राहणार नाही. दोघींवर खूण करा आणि "क्रिएट पूल" दाबा.

पुढच्या पडद्यावर ड्राइव्हला नाव आणि अक्षर द्या. फाइल सिस्टम एनटीएफएसच ठेवा. रेझिलियन्सी टाइपमध्ये (डिस्क गेली तरी डेटा कसा टिकवायचा ते) "टू-वे मिरर" निवडा. "सिंपल" निवडलात तर दोन्ही डिस्कची जागा वापरायला मिळेल, पण एक गेली की सगळं जाईल, म्हणून हा शब्द दोनदा वाचा. थ्री-वे मिररला किमान पाच डिस्क लागतात, तो आपला विषय नाही.

आकाराच्या चौकटीत 3.6 टीबीच्या आसपासचा आकडा आपोआप आलेला असेल. 4 टीबीचे 3.6 कसे झाले, याने गोंधळू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत, आणि थोडी जागा पूल स्वतःच्या नोंदींसाठी राखतो. विंडोज इथे खऱ्या जागेपेक्षा मोठा आकडाही टाकू देतं, पुढे डिस्क वाढवता येतील या हिशेबाने. तो टाकू नका. ड्राइव्हवर जागा शिल्लक दिसते आणि खालचा पूल मात्र भरलेला असतो, अशी वेळ आली की ड्राइव्ह अचानक बंद पडू शकतो. आलेला आकडा तसाच ठेवून "क्रिएट स्टोरेज स्पेस" दाबा. काही क्षणांत धिस पीसीमध्ये नवा ड्राइव्ह दिसेल.

तालीम

आता ड्राइव्ह रिकामा आहे, हीच ती वेळ. नंतर त्यावर वीस वर्षांचे फोटो असतील तेव्हा डिस्क उपसून बघायची हिंमत होणार नाही, आणि होऊही नये.

शंभर-दोनशे फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ नव्या ड्राइव्हवर कॉपी करा. मूळ प्रत दुसरीकडे आहे याची खात्री करा. संगणक रीतसर बंद करा, प्लग काढा. "ब" डिस्कची साटा केबल आणि पॉवरची तार दोन्ही काढा. संगणक सुरू करा.

स्टोरेज स्पेसेसच्या पडद्यावर पिवळा इशारा दिसेल: रेझिलियन्सी कमी झाली आहे, एक ड्राइव्ह सापडत नाही. हा पडदा नीट पाहून ठेवा, मोबाइलवर त्याचा फोटोही काढा. खरा प्रसंग येईल तेव्हा तो असाच दिसणार आहे, आणि आधी पाहिलेला असला की हात थरथरत नाही. मग धिस पीसीमध्ये जाऊन फोटो उघडा, व्हिडिओ मधूनमधून चालवून बघा. ड्राइव्ह आपोआप दिसला नाही तर स्टोरेज स्पेसेसच्या पडद्यावर त्याची स्थिती काय लिहिली आहे ते वाचा आणि तिथला पर्याय वापरून बघा. या अडचणीशी आज निवांत झुंजा, डेटा अडकलेला असताना नको.

याच वेळी आणखी एक काम उरकतं. पूलमधल्या डिस्कच्या यादीत जी हरवलेली दिसते ती "ब", जी ठीक दिसते ती "अ". तिच्यासमोरच्या "रीनेम" वर क्लिक करून तिला "अ" आणि सिरीयल नंबरचे चार आकडे असं नाव द्या. आता पडद्यावरचं नाव आणि डिस्कवरची चिकटपट्टी एक झाली.

एक डिस्क बाहेर असतानाच ड्राइव्हवर एखादी नवीन फाइल टाका. मग संगणक बंद करून "ब" परत जोडा आणि सुरू करा. विंडोज तिला ओळखेल आणि मधल्या काळात झालेला बदल तिच्यावर उतरवेल. इशारा जाऊन दोन्ही डिस्क ठीक दिसेपर्यंत थांबा, मग हिला "ब" नाव द्या.

हीच परीक्षा आता उलट करायची: "अ" काढा आणि "ब" वर चालवून बघा. मघाशी टाकलेली नवीन फाइल "ब" वर उघडली तर दुरुस्ती खरोखर झाली हे कळतं. पण पहिली दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरी डिस्क काढू नका. आधी फक्त "अ" वर काही लिहिलं, आणि मग जुळण्याआधीच फक्त "ब" वर काही लिहिलं, तर दोन वेगवेगळे इतिहास तयार होतात आणि त्यातला एक टाकून द्यावा लागतो.

या सगळ्याला तास-दीड तास लागतो. पुरेपूर लावा.

जुना डेटा आणताना

कॉपी करा, कट करू नका. कॉपी झाल्यावर फोल्डरचे आकार आणि फायलींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का बघा. त्याहून पक्कं हवं असेल तर फ्रीफाइलसिंक या मोफत साधनात फायलींचा मजकूर ताडून पाहण्याचा पर्याय आहे. वेळ लागतो, पण एखादा फोटो अर्धवट उतरला असेल तर तो पकडला जातो. जुनी डिस्क लगेच पुसू नका. तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात ठेवा, तीच तुमची तिसरी प्रत. पुढे महिन्यातून एकदा ती जोडायची, नवीन काय ते उतरवायचं आणि काढून ठेवायची. बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी ठेवता आली तर अति उत्तम.

वीज आणि उन्हाळा

मिररमधल्या दोन प्रती एकाच वेळी लिहिल्या जातात, पण मधेच वीज गेली तर एकीवर लिहून झालेलं आणि दुसरीवर अर्धवट, असं होऊ शकतं. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर विंडोज ते जुळवून घेतं, तरी रोजरोज त्याची परीक्षा घेऊ नये. 600 व्हीएचा छोटा यूपीएस घरच्या डेस्कटॉपला नीट बंद करण्यापुरती मिनिटं देतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएसकडे आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षण पंख्याला चालतो, संगणकाला पुरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वळीव गडगडू लागला की प्लगच काढून ठेवा.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत खोलीच 40 अंशांवर जाते. डिस्क तिच्याहून गरम असते. क्रिस्टलडिस्कइन्फो तापमान दाखवतं. 45 पर्यंत मी निवांत असतो, 50 ओलांडलं की कॅबिनेटचं समोरचं धूळ खाल्लेलं जाळं साफ करतो आणि डिस्कसमोर एक पंखा लावतो. कोकणात आणि गोव्यात प्रश्न दमटपणाचा. कपाटातली तिसरी डिस्क तिच्या मूळ चंदेरी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

नजर ठेवणं

मिररचा हा एक धोका आहे: एक डिस्क मेली तरी सगळं नेहमीसारखं चालतं. इशारा कोपऱ्यात येतो आणि जातो, घरातलं कोणीतरी तो बंद करतं, आणि तुम्ही वर्षभर एकाच डिस्कवर चालत राहता. म्हणून लाइट बिल भरायच्या दिवशी दोन गोष्टी करायच्या. स्टोरेज स्पेसेस उघडून दोन्ही डिस्कसमोर ओके आहे का बघायचं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 05, सी5, सी6 हे तीन आकडे वहीत उतरवायचे. आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हे महत्त्वाचं. गेल्या महिन्यात 8, आज 40, असं असेल तर नवी डिस्क मागवा.

आकडे शून्य आहेत म्हणून मात्र गाफील राहू नका. 2007 साली गूगलच्या संशोधकांनी त्यांच्या लाखभर डिस्कचा अभ्यास मांडला. बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींच्या, चार प्रमुख खुणांपैकी एकही दिसली नव्हती. बॅकब्लेझ ही साठवणूक कंपनी 2013 पासून आपल्या डिस्कची आकडेवारी जाहीर करते आहे. अलीकडच्या वर्षांत त्यांच्याकडे वर्षाला शंभरातल्या साधारण दीड डिस्क जातात, आणि तेही थंड, स्वच्छ, अखंड विजेच्या जागेत.

डिस्क खरंच गेली तर

पहिलं काम मिररला हात लावायचं नाही. तिसरी डिस्क कपाटातून काढा आणि जगलेल्या डिस्कवरचं नवीन काय ते तिच्यावर उतरवा. आता तुमच्याकडे एकच धड प्रत आहे, आणि नव्या डिस्कवर डेटा ओतताना तीच तासन्‌तास राबणार आहे.

मग कोणती डिस्क गेली ते पडद्यावरच्या नावावरून बघा. संगणक बंद करून आधी तिच्या केबल बदलून पाहा. साटा केबल सैल झाल्याने किंवा पॉवरचा जोड खराब झाल्यानेही डिस्क मेल्यासारखी दिसते. तरी ती येत नसेल तर चिकटपट्टीवरचं अक्षर आणि चार आकडे पडद्याशी ताडून ती काढा आणि तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची नवी, आधी पूर्ण फॉरमॅट करून तपासलेली डिस्क तिथे बसवा. तिलाही चिकटपट्टी, अक्षर "क".

स्टोरेज स्पेसेसमध्ये "चेंज सेटिंग्ज", मग "अॅड ड्राइव्ह्ज", नवी डिस्क निवडा, "ऑप्टिमाइझ टू स्प्रेड एक्झिस्टिंग डेटा अक्रॉस ऑल ड्राइव्ह्ज" वरची खूण राहू द्या. दुरुस्ती सुरू होईल. स्टोरेज स्पेसेस वापरलेलेच तुकडे उतरवतो, त्यामुळे ड्राइव्ह निम्मा भरलेला असेल तर वेळही साधारण निम्मा. तोपर्यंत संगणक झोपी जाणार नाही अशी पॉवरची सेटिंग करा आणि त्यावर जड काम करू नका. सगळं ठीक दिसल्यावरच जुन्या, हरवलेल्या डिस्कच्या नावासमोरचं "रिमूव्ह" दाबा. आधी दाबायचं नाही.

एखादी डिस्क अजून चालते आहे पण आकडे वाढताहेत, असं असेल तर तिला बाहेर काढायची घाई करू नका. साटाची तिसरी जागा मोकळी असेल तर नवी डिस्क आधी जोडा, पूलमध्ये घ्या, आणि जुनीसमोरचं "प्रिपेअर फॉर रिमूव्हल" वापरा. डेटा तिच्यावरून हलवला जाईपर्यंत दोन्ही प्रती जिवंत राहतात.

काढलेली डिस्क वॉरंटीत असेल तर बिलाची प्रत जोडून कंपनीच्या सेवा केंद्रात द्या. नसेल तर तशीच भंगारवाल्याला देऊ नका. "मेलेल्या" डिस्कवरही बँकेची कागदपत्रं, आधारच्या प्रती, घरातले फोटो असतात, आणि मिररमधल्या एकट्या डिस्कवर सगळं पूर्णच असतं. ती चालू असेल तर दुसऱ्या संगणकावर पूर्ण फॉरमॅट करून पुसा. चालत नसेल तर ड्रिलने तबकड्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडा, मगच ती घराबाहेर जाऊ द्या.